६७५ पट ‘पावर’ची दुर्बीण: आमच्या शाळेला कसं फसवलं गेलं

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना आकाश दाखवायचं म्हणून गावानं लोकवर्गणी काढली. कुणी ऊसबिल आल्यावर पाचशे दिले, कुणी पन्नास. त्या पैशांतून शहरातल्या एका दुकानातून दुर्बीण आणि कॅमेऱ्याचा संच आणला आणि आमची सरळसरळ फसवणूक झाली. दुसऱ्या कुठल्या शाळेचे किंवा आईबापांचे पैसे असे जाऊ नयेत, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

खोक्यावर तेजोमेघांचे, म्हणजे अवकाशातल्या वायू-धुळीच्या ढगांचे, रंगीत फोटो आणि ठळक ‘६७५ एक्स’. दुकानदार म्हणाला, “मॅडम, एवढी पावर दुसरीकडे मिळायची नाही.” हा आकडा कसा बनतो ते पाहा. दुर्बिणीचं नाभीय अंतर (भिंगापासून प्रतिमा जिथे उमटते तिथपर्यंतचं अंतर) ९०० मिमी, सोबतची बारीक नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचं भिंग, ४ मिमीची; भागाकार २२५. त्याला तीन पटीचं प्लॅस्टिकचं बार्लो भिंग (नेत्रिकेची पट वाढवणारं जोडभिंग) जोडलं की ६७५. गणित बरोबर आहे, पण दुर्बिणीतून किती पटीपर्यंत नीट दिसणार हे समोरच्या भिंगाच्या व्यासावर ठरतं. ढोबळ हिशोब मिलिमीटरला दोन पट, म्हणजे आमच्या दुर्बिणीच्या ७० मिमीला फार तर १४०. त्यापुढे चित्र नुसतं फुगतं आणि अंधारतं. आमच्या मुलांना ६७५ पटीत गुरू म्हणून एक फिकट, थरथरणारा डाग दिसला. पृथ्वी फिरते त्यामुळे तोही दहा-बारा सेकंदांत नजरेआड. रांगेतलं पुढचं मूल डोळा लावेपर्यंत काहीच उरत नव्हतं. तिवई तर इतकी लेचीपेची की फोकसचं चाक फिरवलं तरी सगळं हलायचं.

बरं, ते ७० मिमीही खोटंच निघालं. हौशी खगोलप्रेमींच्या एका मंडळातले कार्यकर्ते शाळेत आले होते, त्यांनी हे दाखवलं. दुर्बीण लांबच्या वस्तूवर फोकस केली, अंधाऱ्या खोलीत नेऊन २० मिमीची नेत्रिका लावली आणि नेत्रिकेच्या मागे थोड्या अंतरावर मोबाइलचा टॉर्च धरला. समोरच्या भिंगावर कागद ठेवून त्यावर पडलेलं उजेडाचं वर्तुळ पट्टीनं मोजलं. भिंगाचा जेवढा भाग खरोखर कामाला येतो, तेवढंच हे वर्तुळ. जेमतेम ४० मिमी! नळीत डोकावल्यावर भिंगामागे मधोमध भोक पाडलेली काळी प्लॅस्टिकची चकती दिसली. हलक्या भिंगाचे दोष लपवायला बसवलेली. म्हणजे पैसे ७० चे, आणि उजेड त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा.

कॅमेऱ्याच्या खोक्यावर ‘१२ मेगापिक्सेल’ होतं. संगणकाला जोडला तर चित्र ६४० बाय ४८०, म्हणजे ०.३ मेगापिक्सेल. त्याच नेत्रिकेला मोबाइल टेकवून काढलेला चंद्राचा फोटो कितीतरी चांगला आला.

या सगळ्यापेक्षा मला संताप येतो तो एका बारक्या काचेचा. ‘सन’ असं लिहिलेली हिरवट काळी काच नेत्रिकेला आटे फिरवून बसवायची आणि सूर्य पाहायचा. दुर्बिणीनं गोळा केलेली सगळी उष्णता त्या काचेवर एकवटते. काच तडकली तर क्षणात डोळा कायमचा जातो. सौर फिल्टर असतो तो दुर्बिणीच्या तोंडावर, उजेड आत शिरण्याआधी. नेत्रिकेला लावायची असली काच आढळली तर फोडून कचऱ्यात टाका, कपाटातसुद्धा ठेवू नका.

दुकानदाराची आणखी एक चलाखी नंतर लक्षात आली. भर जुलैत ‘पावसाळी सवलत’ म्हणून विक्री आणि बदलून द्यायची मुदत अगदी थोडी. आपल्याकडे पावसाळ्यात आकाश कुठे मोकळं मिळतं? ढग सरेपर्यंत मुदत संपलेली. त्या दिवसांतही टॉर्चची तपासणी घरात होते आणि दूरच्या टॉवरवर रोखून चित्राची धार दिवसाउजेडी कळते.

खरेदीआधी दुसऱ्याच्या दुर्बिणीतून बघून घ्या. पुण्यात १९४४ पासून चालणारी ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईकडे खगोल मंडळ वांगणीला आकाशदर्शन ठेवतं. सुरुवातीला १० बाय ५० ची (दहा पट, ५० मिमी भिंगांची) द्विनेत्री पुरते. गुरूचे चार मोठे चंद्र तिच्यातून दिसतात. दुर्बीणच हवी तर सहा इंची आरशाची, डॉब्सनियन बैठकीची (जमिनीवर ठेवायच्या साध्या, हातानं फिरवायच्या बैठकीची) घ्या. तिचं नाभीय अंतर सहसा १२०० मिमी असतं, २५ मिमीच्या नेत्रिकेनं ४८ पट मिळते आणि तेवढ्यात शनीची कडी स्पष्ट दिसते. तेजोमेघ मात्र डोळ्याला राखाडीच दिसणार, हे मुलांना आधीच सांगा. कॅमेऱ्याचा खर्च पहिल्या वर्षी करूच नका. तेजोमेघांच्या फोटोंना ताऱ्यांच्या मागोमाग फिरणारी मोटरची भक्कम बैठक लागते आणि ती बऱ्याचदा दुर्बिणीपेक्षा महाग पडते.

आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर दुकानदारानं कॅमेऱ्याचे पैसे परत केले, दुर्बिणीला अजून नकार आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागता येते, मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. पावती, खोक्याचे फोटो आणि पट्टीनं मोजलेल्या वर्तुळाचा व्हिडिओ घेऊन आम्ही तिथेच जाणार आहोत.