बढतीनंतरचे दोन मार्ग : फॉरेस्ट आणि ल्यूटन

नॉटिंगहॅम फॉरेस्ट हा फुटबॉल क्लब 23 वर्षांनी, 2022 मध्ये प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत, परतला, तेव्हा त्याने एकाच उन्हाळ्यात 20 हून अधिक खेळाडू घेतले. बढती मिळवून देणाऱ्या संघातील अनेक जण इतर क्लबांकडून उसनवारीवर आलेले होते आणि ते परत गेले होते, हे लक्षात घेतले तर या खरेदीला निव्वळ उधळपट्टी म्हणणे अन्यायाचे ठरते. ऑक्टोबरमध्ये संघ तळाशी असतानाही क्लबने प्रशिक्षक स्टीव्ह कूपर यांचा करार वाढवला, आणि माझ्या मते तो निर्णय खरेदीइतकाच मोलाचा होता. अखेर आर्सेनलला 1-0 हरवून फॉरेस्ट खालच्या श्रेणीत जाण्यापासून वाचला. मात्र खर्चाच्या नियमभंगापोटी मार्च 2024 मध्ये त्याचे 4 गुण कापले गेले.

ल्यूटन टाउनने 2023-24 मध्ये हात राखून खर्च केला. सुमारे 12,000 प्रेक्षकांच्या केनिलवर्थ रोड या आपल्या मैदानाची दुरुस्ती आणि प्रशिक्षक रॉब एडवर्ड्स यांची निर्भीड शैली यांवर भिस्त ठेवणाऱ्या या संघाने 52 गोल केले, पण 85 स्वीकारले. डिसेंबरमध्ये कर्णधार टॉम लॉकियर यांचे हृदय मैदानावरच बंद पडले; ते वाचले, ही त्या हंगामातील सर्वांत मोठी गोष्ट. ल्यूटन 26 गुणांसह अठराव्या स्थानी राहून खालच्या श्रेणीत गेला. त्याच्या लगेच वर, गुणकपातीनंतरही 32 गुण राखणारा फॉरेस्टच होता.

केवळ टिकून राहण्याच्या कसोटीवर मी फॉरेस्टचा मार्ग निवडेन, कारण बचावफळीतील उणीव धैर्याने भरून निघत नाही.