जायरोकॉप्टरचं घरगुती कॉकपिट: सात महिने आणि तो एक काटा

जूनमध्ये बेळगावच्या सांबरा विमानतळाच्या धावपट्टीवर जायरोकॉप्टर घेऊन नवव्यांदा उलटलो. म्हणजे संगणकावर, टिळकवाडीत, दुसऱ्या गेटजवळ, आमच्या माळ्यावर, लुंगीत. पडद्यावर रोटरचं, म्हणजे डोक्यावरच्या पंख्याचं, पातं फडफडत शेपटीवर आदळलं आणि खालून आईचा आवाज आला, "काय गा, परत पडलास काय?"

हा सेट म्हणजे संगणकावर जायरो उडवायला लागणारं घरगुती कॉकपिट. स्टिक, पेडल, इंजिनाचा जोर कमीजास्त करणारा थ्रॉटल आणि काट्यांचे सहा मीटर बसवलेलं पॅनल. मी जुना घेतला, १८,५०० ला. स्टिक झकास आहे. पेडल करकरायचे, शिलाई मशीनचं तेल घातल्यावर गप्प बसले. बाकी सगळा रोष रोटरच्या आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला किती फेरे ते दाखवणाऱ्या, काट्यावर.

विमान उडवणाऱ्यांना हा मीटर शोभेचा वाटतो. जायरोत तसं नाही. वरच्या पंख्याला हवेत इंजिन फिरवतच नाही. इंजिन मागून ढकलतं आणि खालून वर येणाऱ्या वाऱ्यावर पंखा आपला आपण फिरत राहतो. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वानं १९२३ साली हेच उडवून दाखवलं. उड्डाणाआधी मात्र प्री-रोटेटरनं, म्हणजे जमिनीवर पंखा फिरवून देणाऱ्या यंत्रणेनं, पंख्याला २०० च्या आसपास न्यायचं, स्टिक पूर्ण मागे घ्यायची, मगच थ्रॉटल. पंखा मंद असताना गाडी जोरात पळवली तर पुढे जाणारं पातं जास्त उचललं जातं, मागे येणारं कमी, आणि फडफड सुरू. वर गेल्यावर काटा ३०० ते ४०० च्या मधे कुठंतरी रमतो. मग हा काटाच खोटं बोलायला लागला तर माणसानं बघायचं कुठं?

माझा काटा २०० दाखवायचा तेव्हा पंखा खरा १५० वर. कंपनीला तीन आठवडे फोन केले. एक बाई कन्नडमध्ये गोड बोलायच्या, एक साहेब हिंदीत तोडून. शेवटी उत्तर मिळालं: पॅनल कुरिअरनं पाठवा, येण्याजाण्याचा खर्च तुमचा, बोर्ड बदलायचे ४,२००. तेवढ्यात अख्ख्या गल्लीला कुंदा वाटून झाला असता. त्याच रात्री सेटच्या परीक्षणात पाचपैकी दोन तारे देऊन मोकळा झालो.

ते दोन तारे आता मागे घेतोय. झालं असं की जूनच्या पहिल्या पावसात दिवसातून चार वेळा लाइट जायला लागली, आणि लाइट गेली की काटा सुधारायचा! दिवसातलं पहिलं उड्डाण कायम व्यवस्थित, तिसऱ्या-चौथ्याला मी उलटा. उतरून पंखा थांबला तरी काटा शून्यावर यायचा नाही, ४०-५० वर रेंगाळायचा. हे माझ्या डोळ्यांसमोर पाच महिने होत होतं, आणि मी शिव्या घालण्यात गुंग.

उद्यमबागेत सीएनसीवर, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या यंत्रावर, काम करणारा दोस्त आला, त्यानं मागचं झाकण उघडलं. "गाडीच्या डॅशबोर्डात असते तसलीच स्टेपर मोटर हाय की ही. आपण कुठं उभं हाय ते हिला कळत नाही. एवढी पावलं जा म्हटलं की जाते. करंट कमी पडला की पाऊल चुकतं, आणि चुकलं तेही कळत नाही." चालू करताना मात्र ती काटा टोकाला टेकवून शून्य धरते, म्हणून लाइट गेल्यावर शहाणी. मग त्यानं विचारलं, "पॅनल कशाला जोडलायस?"

"यूएसबी हबला."

"कितीचा?"

"दोनशे साठ."

पुढची दहा मिनिटं तो नुसता हसत होता. स्टिक, पेडल, थ्रॉटल, पॅनल आणि वर कीबोर्ड, सगळं त्या बिनअडॅप्टरच्या हबवर, मग मोटरला करंट पुरणार कुठून? वेगळी वीज घेणारा हब १,३५० चा. पाच दिवस विचार केला, मग खडेबाजारात जाऊन घेतला. त्यानंतर काटा एकदाही अडकलेला नाही.

तरी कंपनीला पूर्ण माफी नाही. शून्य ओळखणारा साधा सेन्सर का बसवला नाही? आणि तीन आठवड्यांत एकानंही "हब कुठला वापरता?" एवढं विचारू नये?

अल्टिमीटर, म्हणजे उंचीचा मीटर, चुकतो म्हणून रडणाऱ्यांनो, सांबऱ्यात उभं राहून तो २,५०० फुटांच्या आसपास दाखवतो ते बरोबरच आहे. आपलं गावच समुद्रापासून तेवढं वर आहे. फक्त बटण फिरवून त्या दिवशीचा हवेचा दाब लावा. दाब मोजायच्या एका हेक्टोपास्कलला उंचीत जवळपास ३० फुटांचा फरक पडतो. जुलैत मी आदल्या दिवशीचाच दाब ठेवून निघालो. दाब सहानं उतरला होता, आणि राकसकोप जलाशयाच्या पाण्याला चाकं लागता लागता राहिली.

मला सर्वात आवडलेलं यंत्र मात्र पॅनलवर नाहीच. पडद्यातल्या जायरोच्या नाकावर लोकरीचा एक धागा आहे, खऱ्या जायरोवरही बांधतात तसा. धागा सरळ मागे गेला तर नाक वाऱ्यात सरळ, डावीउजवीकडे वळला तर पेडल चुकलं. याला ना करंट लागतो, ना कुरिअर.

गेल्या रविवारी घटप्रभेच्या काठानं गोकाकला गेलो. ५२ मीटर खाली कोसळणारं पाणी वरून बघायच्या हौसेपायी स्टिक झटकन पुढे ढकलली. पंख्यावरचा भार गेला आणि काटा घसरायला लागला, ३४०, ३१०, २८०. जायरोत याच्याइतकी वाईट चूक दुसरी नाही. थ्रॉटल कमी केलं, स्टिक हळू मागे घेतली, काटा परत चढला. जुन्या हबवर हा काटा बघून मी विश्वास ठेवला नसता.

साडेतीन तारे. अर्धा पेडलच्या करकरीचा कापला, एक त्या साहेबांच्या हिंदीचा. जुना हब टाकलेला नाही, त्याच्यावर आईचा मोबाइल चार्ज होतो, सावकाश.