फायबर होडीचे भाग कॅडमध्ये: सॉलिड की सरफेस?

मिरकरवाड्यापासून मालवणपर्यंत किनाऱ्यावर उभ्या असलेल्या फायबर होड्यांत दोन जातींचे भाग असतात. स्टिअरिंगचं कन्सोल, मासळीच्या कप्प्याचं झाकण, इंजिनावरचं कव्हर हे साच्यातून निघतात. सुकाणूचा ब्रॅकेट, पंपाची बैठक हे ओतीव असतात किंवा मशीनवर होतात. दुसऱ्या जातीला कॅडमध्ये (संगणकावर आराखडा काढताना) सॉलिड, म्हणजे भरीव ठोकळ्यासारखं मॉडेल, यात वाद नाही: भोकं, जाड्या, ड्रॉइंगवरची मापं, वजन, सगळं त्यात थेट मिळतं. नवा माणूस अडकतो तो कन्सोलपाशी, कारण ते दिसायला खोक्यासारखं असतं.

सॉलिडमध्ये ते अर्ध्या तासात उभं राहतं. चौकोन ओढला, 3 अंशांचा ड्राफ्ट (साच्यातून सुटायला उतार) दिला, कोपरे फिलेट (गोल) केले, मग शेल (आतून पोकळ). ड्राफ्ट फिलेटच्या आधीच द्यायचा, नाहीतर गोलाईच्या कडा ड्राफ्टला जुमानत नाहीत. उंची 900 मिमीची 950 करायची तर एक आकडा बदलायचा. समोरची बाजू साधी तिरकी असेल तर याच्यापुढे जायची गरज नाही. पण समोरचा भाग नाळेसारखा (होडीच्या पुढच्या टोकासारखा) मागे झुकवायचा आणि वरची 40 मिमीची गोलाई खाली येईस्तोवर 15 करायची म्हटलं, की तीन फिलेट भेटतात त्या कोपऱ्यात कमांड हात वर करते. मग माणूस त्रिज्या थोडी थोडी कमी करत बसतो आणि डिझाइन त्याचं न राहता सॉफ्टवेअरचं होतं.

हातथराच्या (साच्यात हाताने थर चढवलेल्या) फायबरमध्ये आणखी एक गोष्ट आहे, ती ठरवताना बहुतेक जण विसरतात. साच्याला टेकणारी बाजू तेवढी आपल्या ताब्यात असते. आतली बाजू मॅटच्या (काचतंतूंच्या चटईच्या) थरांवर ठरते. चौरस मीटरला 450 ग्रॅम वजनाच्या मॅटचा एक थर रेझिनसकट साधारण 1 मिमी भरतो. म्हणजे शेल करून दाखवलेली 3 मिमी जाडी कागदापुरतीच. साच्याला हवं ते बाहेरचं कातडं, आणि तेच सरफेस मॉडेलिंग, म्हणजे जाडी नसलेलं नुसतं पृष्ठ, देतं. सामानाचा हिशेबही क्षेत्रफळावरच चालतो: कातडं 3.2 चौरस मीटर आणि थर तीन, तर मॅट 3.2 × 3 × 0.45 म्हणजे 4.3 किलो, आणि मॅटच्या अडीचपट धरलं तर रेझिन पावणेअकरा किलो. कापाकापीची नासाडी वेगळी.

सरफेसची किंमत मात्र वेळात मोजावी लागते. कन्सोलच्या बाजूसाठी चार-पाच छेद-वक्र काढायचे, सगळे तिसऱ्या डिग्रीचे, सगळ्यांत कंट्रोल पॉइंट (वक्राला आकार देणारे बिंदू) सारख्याच संख्येने आणि सुरुवात एकाच टोकाकडून. एक वक्र उलटा निघाला की लॉफ्टला (छेदांवरून ताणलेल्या पृष्ठाला) पीळ बसतो. पृष्ठ हव्या त्या मापाचं नेमकं काढायला जाऊ नका. 50 मिमी मोठं काढा आणि मग ट्रिम करा (छाटा). तीन कडांचा पॅच टाळलेला बरा, त्याची एक कड बिंदूत मिटते आणि पुढे थिकन (पृष्ठाला जाडी देणारी कमांड) तिथेच फसतं. सांधे झेब्रा पट्ट्यांनी (सॉफ्टवेअर पृष्ठावर दाखवतं त्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांनी) तपासा: पट्टा सांध्यावर तुटून सरकला तर पृष्ठं नुसती टेकलीत, सलग असून कोनात मोडला तर स्पर्शरेषा जुळलीय, मऊ वाहत गेला तर वक्रताही जुळलीय. गडद निळ्या जेलकोटवर (फायबरच्या बाहेरच्या रंगीत थरावर) दुपारच्या उन्हात स्पर्शरेषेपुरता जुळलेला सांधा दुरूनही दिसतो. शेवटी निट करताना (पृष्ठं शिवून एक करताना) फट राहिली तर टॉलरन्स (चालणारी फट) वाढवून झाकू नका. ती कड पुन्हा बांधा. झाकलेली फट स्टेप फाइलमधून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गेली की परत उघडते.

एक चूक दोन्हीकडे सारखीच होते. बाहेरच्या कोपऱ्याची त्रिज्या 2 मिमी आणि आत जाडी 3 मिमी मागितली, तर आतल्या त्रिज्येला जागाच उरत नाही. थिकन फसू शकतं, शेलही फसू शकतं. कोपरा 6 मिमी किंवा जास्त ठेवा. तसंही त्याहून तीक्ष्ण कोपऱ्यात मॅट नीट बसत नाही, मागे हवा अडकते आणि जेलकोट टवका सोडतो.

आमचं मत: कातडं सरफेसमध्ये बांधा, थिकन करून सॉलिड करा, आणि मीटरची भोकं, फ्लँज (जोडणीची कड), बोल्टच्या जागा सॉलिडमध्ये घ्या. सॉलिडवर्क्स या कॅड सॉफ्टवेअरमध्ये हे एकाच फाइलमध्ये होतं. रायनोमध्ये वक्र फार छान हाताळता येतात आणि परवाना एकदाच घ्यावा लागतो, पण छेद बदलला की बरंचसं पुन्हा बांधावं लागतं. फ्रीकॅड फुकट आहे, कर्व्हज हे अॅड-ऑन टाकल्यावर कामही देतं. गुंतागुंतीच्या फिलेटवर मात्र ते लवकर हात टेकतं.

होडीचा तळ प्लायचा असेल तर गणित बदलतं. प्लाय एकाच दिशेने वळते, म्हणून पृष्ठ उलगडून सपाट होणारंच हवं. रायनोमध्ये त्यासाठी वेगळा लॉफ्ट आहे.

सीएनसी राउटर (संगणकावर चालणारं कोरायचं मशीन) हाताशी नसेल तर प्लगसाठी (ज्यावरून साचा काढतात त्या नमुन्यासाठी) कन्सोलच्या पृष्ठाचे दर 100 मिमीवर छेद घ्या, वर चढवायच्या प्लायची जाडी वजा करा, 1:1 छापा आणि 12 मिमी प्लायवर कापा. प्रत्येक कागदावर आडवी आणि उभी 100 मिमीची रेघ ठेवा आणि कापण्याआधी दोन्ही मोजा. छपाईवाल्याने पानात बसवायला चित्र 97 टक्क्यांवर आणलं, तर प्लगचा प्रत्येक छेद 3 टक्क्यांनी लहान निघतो.