वीस पॉयरो आणि एक खोडरबर: आठ महिन्यांनंतर

आधीच सांगतो, खाली कुठल्याही खुन्याचं नाव नाही. मी भोगलंय तेवढं पुरे.

गेल्या दिवाळीत रहस्यकथा लिहिणाऱ्या अगाथा ख्रिस्तीच्या, पॉयरो या गुप्तहेराच्या कादंबऱ्यांचा जुना संच मागवला. वीस पुस्तकं, सोळाशे रुपये, घरपोच. नगाला ऐंशी पडले. त्या भावात पिवळ्या पानांबद्दल आणि डांबरगोळ्यांच्या वासाबद्दल कुरकुर करायची नसते. दोन पुस्तकांची बांधणी सुटली होती, फेव्हिकॉल लावला, बसली. पॉयरो कोण, त्याच्या मिशा कशा, हे तुम्हाला माहीत आहेच. म्हणून थेट दुखण्यावर येतो.

पेन्सिल.

पहिलं पुस्तक उघडलं. पान ४१ वर एका नावाखाली दोन रेघा आणि समासात बारीक, वळणदार मराठी अक्षरात ‘हाच!’ खून अजून व्हायचा होता. ते मिटून दुसरं घेतलं. पान ६३, ‘हीच. शंभर टक्के.’ विसांपैकी एकही सुटलं नव्हतं.

विक्रेत्याला फोन लावला.

“पानं गहाळ आहेत का?”

“नाहीत.”

“फाटलीत?”

“नाही हो. खुनी कोण ते लिहून ठेवलंय.”

जरा थांबून म्हणतो, “मग काका, जास्तीची माहितीच मिळाली ना?”

चार फोन झाले, तेव्हा कुठे पन्नास रुपये परत आले. त्यातले पाच खोडरबरात गेले. बायकोला बसवलं. तिनं पानं चाळून खुणा खोडायच्या आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, असं ठरलं. तिसऱ्याच पुस्तकाला ती म्हणाली, “अगंबाई, हा?” म्हणजे पुरुष. माझे निम्मे संशयित तिथेच सुटले. सहा पुस्तकं झाल्यावर खोडकाम बंद केलं आणि संच कपाटावर टाकला. तेव्हा लिहिलं असतं तर एक तारा दिला असता, तोही फेव्हिकॉलला.

जानेवारीत सर्दीनं घरी होतो, वाचायला दुसरं काही नव्हतं, म्हणून नासलेलंच पुस्तक पुरं करू म्हटलं. शेवटच्या प्रकरणात कळलं, पान ४१ चा ‘हाच!’ धुतल्या तांदळासारखा. दुसरं घेतलं. त्यातल्या ‘शंभर टक्के’ बाईंचाच पुढे खून झाला! म्हणजे हा गृहस्थ शेवट फोडत नव्हता, अंदाज करत होता, आणि माझ्यापेक्षा वाईट करत होता. न खोडलेली अकरा पुस्तकं आतापर्यंत वाचली, त्याचे दोन अंदाज बरोबर निघाले. एकाच्या शेवटच्या पानावर त्यानं ‘परत फसलो’ असं लिहिलंय. आता खोडलेल्या सहा पुस्तकांची हळहळ वाटते, उजेडात तिरकं धरून दाब दिसतो का बघतो. विक्रेत्याला मात्र हे कळवलेलं नाही. पन्नास रुपये परत मागायचा.

इतकं सगळं सुरळीत चाललेलं असताना मार्चमध्ये ‘डम्ब विटनेस’ हातात घेतलं. १९३७ चं. त्यात गप्पांच्या ओघात पॉयरो आपल्या चार जुन्या प्रकरणांतल्या खुन्यांची नावं घेतो. छापील, नावानिशी! ‘स्टाइल्स’, ‘रॉजर ॲक्रॉइड’, ‘ब्लू ट्रेन’ आणि ‘डेथ इन द क्लाउड्स’, चारही एका दमात. ॲक्रॉइडचा निकाल वसतिगृहातल्या खोलीमित्रानं कधीच लावला होता, पण बाकीची तीन माझ्याच संचात न वाचलेली पडली होती. त्या ओळीशेजारी पेन्सिलवाल्याचे तीन शब्द आहेत: ‘बाई, हे काय?’ आठ महिन्यांत आमचं पहिल्यांदाच एकमत झालं.

‘डम्ब विटनेस’च्या आदल्या वर्षीच्या ‘कार्ड्स ऑन द टेबल’मध्येही पॉयरो घरी आलेल्या मुलींना भेट मिळालेल्या एका सुऱ्याबद्दल एकच वाक्य सांगतो, आणि ‘ओरिएंट एक्सप्रेस’चा बोऱ्या वाजतो. मी वाचलो, कारण १९७४ चा सिनेमा पाहिला होता.

राग कशाचा, तर याच बाईंचं ‘माउसट्रॅप’ हे रहस्यनाटक लंडनमध्ये १९५२ पासून चालू आहे, मध्ये करोनात थांबलं तेवढंच. पडदा पडताना रंगमंचावरून प्रेक्षकांना विनंती करतात, खुनी कोण ते बाहेर सांगू नका. लंडनचा प्रयोग बंद झाल्याशिवाय सिनेमासुद्धा निघू नये, अशी करारात तजवीज. तिकीट काढून आलेल्यांसाठी एवढा बंदोबस्त, आणि पुस्तक विकत घेणाऱ्याला चार नावं फुकट!

संच घेणार असाल तर मिळेल ते उचलून वाचत बसू नका, मी तेच केलं. आधी स्टाइल्स (१९२०), मग ॲक्रॉइड (१९२६), ब्लू ट्रेन (१९२८), ओरिएंट एक्सप्रेस (१९३४), क्लाउड्स (१९३५), आणि त्यानंतरच १९३६-३७ च्या त्या दोन फितुरांना हात लावा. हे विक्रेत्यानं खोक्यावर चिकटवायला हवं होतं. अर्धा तारा त्याबद्दल कापला, साडेचार राहिले.

ती तीन नावं विसरायची वाट बघतोय. बायको म्हणते, “भाजीची चार नावं फाटकापर्यंत लक्षात राहत नाहीत, आणि हे बरं राहतं.” परवा न राहवून ‘ब्लू ट्रेन’ उघडली. पेन्सिलवाल्यानं पान ३० वर भलत्याच माणसाखाली रेघ ओढलीय, जाड, दोनदा. तूर्त त्याचंच खरं धरून वाचतोय.