नागपूरच्या उन्हात एक्सयूव्ही७०० की जुनी मर्सिडीज २४०डी?

मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला की निकाल एसीच लावतो, आणि तिथे एक्सयूव्ही७०० सरळ जिंकते. तिचं २.२ लिटर डिझेल समृद्धीवर १२०लाही निवांत चालतं. पण रोज नुसतं सीताबर्डी-धरमपेठ केलं तर डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीत, काजळी साचते. तिचा दिवा लागला की वर्धा रोडवर वीसेक मिनिटं एका वेगात पळवा, काजळी जळून जाते.

२४०डीची मजा वेगळीच. १९७९नंतरच्या गाडीतही जेमतेम ७२ अश्वशक्ती, ओव्हरटेकला देव आठवतो. पण खड्ड्यांत पोटातलं पाणी हलत नाही. किल्ली फिरवूनही इंजिन बंद होत नसेल, तर बहुधा इंजिन बंद करणाऱ्या व्हॅक्युमची (हवेच्या ओढीची) रबरी नळी तडकलेली असते. बोनेट उघडून स्टॉपचा दांडा दाबा. व्हॉल्व्ह गॅप (झडपेची फट) थंड इंजिनवरच लावा: इनटेक ०.१०, एक्झॉस्ट ०.३० मिमी. घेण्याआधी बॅटरीखालचा पत्रा गंजलाय का ते ठोकून बघा, रंगाला भुलू नका.