कॅरव्हान पार्क, शोग्राउंड, मोफत तळ की राष्ट्रीय उद्यान? न्यू साउथ वेल्सच्या आतल्या गावांतील मुक्कामाचा तुलनात्मक आढावा

सिडनीहून निघून डब्बो, गिलगॅन्ड्रा, कूनाबॅराब्रन, नॅराब्राय असा न्यूएल हायवेचा प्रवास करायचा आणि रात्री तंबूत किंवा कॅम्परव्हॅनमध्ये काढायच्या असे ठरले, की मुक्काम कोणत्या प्रकारच्या जागी करायचा हे सर्वांत आधी निश्चित करावे लागते. गाडी कोणती घ्यायची, खर्च किती येईल आणि स्वयंपाक कसा होईल, या तिन्ही गोष्टी त्यावर अवलंबून असतात. या पट्ट्यात चार पर्याय सहज मिळतात: खासगी कॅरव्हान पार्क, गावाचे शोग्राउंड (कृषी प्रदर्शनाचे मैदान), मोफत किंवा नाममात्र शुल्काचे तळ आणि राष्ट्रीय उद्यानातील कॅम्पग्राउंड. पहिल्यांदाच अशा प्रवासाला निघणाऱ्या, आणि विशेषतः भारतातून आलेल्या आईवडिलांना सोबत नेणाऱ्या कुटुंबाचा विचार करून हा आढावा लिहिला आहे.

अंतर आणि ऋतू या दोन बाबी चारही पर्यायांना सारख्याच लागू होतात. सिडनी ते डब्बो साधारण 400 किलोमीटर, डब्बो ते कूनाबॅराब्रन 160 आणि तिथून नॅराब्राय 120 किलोमीटरच्या आसपास आहे. नकाशावर पाहता यांतले दोन टप्पे एका दिवसात सहज उरकतील असे वाटते. परंतु दिवस मावळायच्या सुमारास कांगारू रस्त्यावर येऊ लागतात आणि न्यूएल हायवेवर मालवाहू ट्रकची वर्दळ रात्रंदिवस चालू असते. त्यांत काही ठिकाणी 36.5 मीटर लांबीच्या रोड ट्रेन, म्हणजे एकामागे एक ट्रेलर जोडलेले ट्रकही असतात. भाड्याच्या कॅम्परव्हॅनच्या अनेक करारांत कच्च्या रस्त्यावर, आणि काही करारांत अंधार पडल्यावर शहराबाहेर, झालेले नुकसान विम्यातून वगळलेले असते, त्यामुळे करार पूर्ण वाचल्याखेरीज सही करू नये. ऋतूंपैकी एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने उत्तम. डिसेंबर-जानेवारीत शाळांना मोठी सुटी असते, पण पारा 40 अंशांच्या पुढे जातो आणि तंबूत दुपार काढणे लहान मुलांना व वृद्धांना सोसत नाही.

कॅरव्हान पार्कबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण त्याचे गुणदोष उघड आहेत. विजेची जोडणी असलेल्या जागेला एका रात्रीचे साधारण 35 ते 60 डॉलर पडतात आणि त्यात गरम पाण्याची न्हाणीघरे, कपडे धुण्याची यंत्रे, सामाईक स्वयंपाकघर व बहुधा मुलांसाठी खेळण्याची जागा मिळते. खरा फायदा केबिनचा आहे. आईवडिलांना रात्री दोन-तीनदा उठावे लागत असेल तर त्यांच्यासाठी केबिन आणि शेजारीच आपला तंबू ही व्यवस्था इथेच जमते. सामाईक स्वयंपाकघरातल्या गॅसच्या सपाट तव्यावर बहुतेक जण मांस भाजतात, म्हणून कडक शाकाहारी असलेल्यांनी स्वतःचा तवा आणि कढई बरोबर ठेवावी. गैरसोय इतकीच की शाळेच्या सुट्यांत जागा फार आधी भरतात, आणि दोन गाड्यांत अंतर इतके कमी असते की शेजाऱ्यांचे बोलणे शब्दन्‌शब्द ऐकू येते.

शोग्राउंड हा पर्याय मात्र आपल्या लोकांना फारसा माहीत नाही, आणि माझ्या मते या पट्ट्यात तोच सर्वांत सरस आहे. ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक ग्रामीण गावांत वर्षातून एकदा कृषी प्रदर्शन भरते आणि त्यालाच ‘शो’ म्हणतात. गुरे, मेंढ्या, लोकर, घोडेस्वारी, घरी केलेले केक आणि मुरंबे अशा सगळ्यांच्या तिथे स्पर्धा होतात. त्यासाठी राखलेले मोठे मैदान, पत्र्याच्या शेड, स्वच्छतागृहे आणि विजेचे खांब एरवी बराच काळ मोकळेच असतात, म्हणून अनेक गावांनी ही मैदाने प्रवाशांना खुली केली आहेत. कूनाबॅराब्रन, मजी, गल्गाँग, गनेडा या गावांत अशी सोय आहे. वीजजोडणीसह जागेचे साधारण 20 ते 35 डॉलर होतात. संध्याकाळी केअरटेकर मैदानात चक्कर मारतो, पावतीपुस्तकातून पावती फाडून देतो, न्हाणीघराची किल्ली हवी असल्यास थोडी अनामत घेतो आणि कोणत्या नळाचे पाणी पिण्याजोगे आहे तेही सांगतो. दुसऱ्या दिवशी पाऊस येणार का आणि कोणता कच्चा रस्ता चिखलाने बंद होईल, हे त्याच्याइतके नेमके कोणतेही ॲप सांगत नाही.

शोग्राउंडचे पैसे गावातच राहतात, आणि ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. दुष्काळ आणि पूर आलटून पालटून सोसलेल्या या गावांत मैदानाची डागडुजी प्रवाशांच्या शुल्कातून होत असेल, तर आपण दिलेले 25 डॉलर योग्य ठिकाणी गेले. शिवाय मुख्य रस्ता बहुधा चालण्याच्या अंतरावर असतो. बेकरी, खाटीक, पब आणि औषधांचे दुकान पायी गाठता येते. मात्र शनिवारी दुपारनंतर बरीच दुकाने बंद होतात ती सोमवारीच उघडतात, आणि पबचे स्वयंपाकघर रात्री आठच्या सुमारास आवरते, त्यामुळे उशिरा पोहोचून बाहेर जेवण्याचा भरवसा धरू नये. कणीक, डाळ, तांदूळ व मसाले सिडनीतूनच घेऊन निघावे.

शोग्राउंडच्या अडचणीही नीट समजून घ्याव्यात. प्रत्यक्ष शोच्या आठवड्यात किंवा घोड्यांच्या स्पर्धा असताना तिथे जागा मिळत नाही, म्हणून आधी फोन करणे आवश्यक आहे. कुंपणाने आखलेल्या जागा नसतात आणि सावली मोजकीच असते. तंबू लावणाऱ्यांनी जमीन विशेष लक्षपूर्वक पाहावी. आपल्याकडचे सराटे, म्हणजेच गोखरूचे काटे, इथेही जमिनीवर पसरलेले असतात आणि हवा भरलेली गादी एका रात्रीत बसवतात. तंबूखाली जाड ताडपत्री टाकणे आणि मुलांना अनवाणी न सोडणे हा यावरचा साधा उपाय आहे.

मोफत तळांची गोष्ट वेगळी आहे. काही गावे प्रवाशांनी थांबावे म्हणून नदीकाठी किंवा उद्यानाशेजारी एक-दोन रात्री विनाशुल्क थांबू देतात, पण यांतल्या अनेक जागा फक्त स्वयंपूर्ण वाहनांसाठी असतात. म्हणजे वाहनात स्वतःचे शौचालय आणि सांडपाण्याची टाकी असलीच पाहिजे. तंबूवाल्यांना तिथे परवानगी नसते. साधी मोटार घेऊन फिरणाऱ्या कुटुंबाने केवळ ‘मोफत’ हा शब्द वाचून तिकडे वळणे म्हणजे संध्याकाळी परत फिरण्याची तयारी ठेवणे होय. हायवेच्या विसाव्यांपैकी ट्रकचालकांसाठी राखलेल्या जागा अडवू नयेत. त्यांना कायद्याने ठरावीक तासांनंतर विश्रांती घ्यावीच लागते, आणि त्यांची जागा आपण अडवली तर थकलेला चालक तसाच पुढे जातो. या प्रकारातला एक मुक्काम मात्र मी आवर्जून सुचवेन. पिलिगा या छोट्याशा गावाबाहेर खोल कूपनलिकेतून येणाऱ्या उष्ण पाण्याचा तलाव आहे. पाणी साधारण 37 अंशांचे असते आणि शेजारीच नाममात्र रकमेत थांबता येते. गुडघेदुखी असलेल्या वडीलधाऱ्यांना थंडीच्या दिवसांत या पाण्यात बसून खरेच आराम वाटतो.

चौथा पर्याय म्हणजे वॉरमबंगल राष्ट्रीय उद्यान. कूनाबॅराब्रनपासून ते सुमारे 35 किलोमीटरवर आहे, आणि निसर्गासाठी निघालेल्यांनी ते चुकवू नये. 2016 साली त्याला ऑस्ट्रेलियातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे कृत्रिम उजेडापासून रात्रीचे आकाश जपणारे उद्यान, म्हणून मान्यता मिळाली. शेजारच्या सायडिंग स्प्रिंग वेधशाळेत 3.9 मीटर व्यासाची दुर्बीण 1974 पासून आहे, आणि तिच्यासाठी आसपासच्या मोठ्या प्रदेशात दिव्यांवर निर्बंध आहेत. त्याच कारणाने इथले आकाश इतके काळे राहिले आहे. मुले बरोबर असतील तर वेधशाळेकडे जाणाऱ्या रस्त्यांवरचे ग्रहांचे फलक त्यांना दाखवावेत. वेधशाळेचा घुमट सूर्य मानून सूर्यमालेतली अंतरे प्रमाणात मांडली आहेत, आणि गाडीने एका ग्रहापासून दुसऱ्यापर्यंत जाताना लागणारा वेळ पुस्तकातल्या आकड्यांपेक्षा जास्त समजावून जातो.

उद्यानातल्या कॅम्प ब्लॅकमनमध्ये गरम पाणी आणि काही जागांना वीजही आहे, म्हणून आरामात तो शोग्राउंडच्या जवळपास येतो. फरक बाकी गोष्टींत आहे. जागा आधी ऑनलाइन आरक्षित करावी लागते, पाळीव कुत्रा नेता येत नाही, जवळ दुकान नाही, मोबाइलला रेंज बहुतेक ठिकाणी मिळत नाही आणि पडलेली लाकडे वेचून शेकोटी करायला बंदी आहे. ब्रेडनाइफ नावाची उभी, पातळ, सुमारे 90 मीटर उंचीची कातळभिंत पाहायला जाणारी ग्रँड हाय टॉप्सची वाट साधारण 14.5 किलोमीटरची आहे. तिच्यासाठी पूर्ण दिवस आणि बळकट पाय लागतात. आईवडिलांना ती सुचवू नये. त्यांच्यासाठी पायथ्याशी लहान वाटा पुरेशा आहेत.

आगीचा धोका इथे केवळ सूचनाफलकापुरता नाही. जानेवारी 2013 च्या वणव्यात या उद्यानाचा बहुतांश भाग आणि आसपासची अनेक घरे जळाली. न्यू साउथ वेल्समध्ये 1 ऑक्टोबर ते 31 मार्च हा वणव्याचा अधिकृत काळ मानला जातो. ‘टोटल फायर बॅन’ जाहीर झालेल्या दिवशी उघड्यावर शेकोटी चालत नाही, आणि गॅसची शेगडी कुठे चालेल यालाही अटी असतात. ‘हॅझर्ड्स निअर मी’ हे सरकारी ॲप गावातून निघण्यापूर्वीच पाहून घ्यावे, कारण उद्यानात ते उघडेलच असे नाही.

स्वयंपाकाची एक बाब तुलनेत सहसा येत नाही, पण मराठी घराला ती जाणवते. लहान डब्यांवर चालणाऱ्या शेगड्यांत ब्यूटेन गॅस असतो, आणि तापमान शून्याजवळ गेले की त्याची वाफ होणेच थांबते. जून ते ऑगस्टमध्ये वॉरमबंगलच्या खोऱ्यात पहाटे दहिवर गोठलेले असते, तेव्हा अशा शेगडीवर चहासुद्धा होत नाही, मग कुकरची शिट्टी दूरच. त्या महिन्यांत प्रोपेनची टाकी आणि तिला जोडायची शेगडी घ्यावी, किंवा वीजजोडणीची जागा घेऊन विजेच्या शेगडीवर स्वयंपाक करावा. कॅम्परव्हॅनची केबल 15 ॲम्पिअरची असते. तिच्या प्लगची अर्थिंगची पिन रुंद असल्याने ती घरच्या साध्या सॉकेटमध्ये बसत नाही, म्हणून व्हॅनची वीजव्यवस्था ताब्यात घेतानाच चालवून पाहावी.

आता निवड. आईवडील बरोबर असतील तर डब्बोत केबिन असलेल्या कॅरव्हान पार्कमध्ये दोन रात्री काढाव्यात. तिथले टारोंगा वेस्टर्न प्लेन्स प्राणिसंग्रहालय विस्तीर्ण आहे आणि बरेचसे गाडीतूनही पाहता येते. पुढे कूनाबॅराब्रनमध्येही केबिनच घ्यावी आणि उद्यानाला दिवसाच जाऊन यावे. फक्त नवरा-बायको आणि शाळकरी मुले असतील तर जाताना गल्गाँग किंवा मजीच्या शोग्राउंडवर एक रात्र, मग कॅम्प ब्लॅकमनमध्ये दोन आणि परतताना कूनाबॅराब्रनच्या शोग्राउंडवर एक, अशी आखणी मला सर्वांत समतोल वाटते. ती साध्या मोटारीने आणि तंबूने पार पडते, कॅम्परव्हॅनची गरज भासत नाही. शौचालयासह स्वतःची व्हॅन असलेल्या जोडप्याने मोफत तळ जरूर वापरावेत, पण पाणी व इंधन भरायला आणि टाकी रिकामी करायला ज्या गावात थांबाल, तिथेच बेकरीतून पाव आणि भाजीवाल्याकडून भाजी घ्यावी. विनाशुल्क जागा उघडी ठेवताना त्या गावाची एवढीच अपेक्षा असते.