डी२ च्या फोल्डिंग चाकूचं काळं कोटिंग काढलं, पावसाळ्यासकट वापरून झाल्यावर लिहितोय

आधी चाकू कुठला ते सांगतो. लायनर लॉकवाला (उघडल्यावर हँडलमधली पत्र्याची पट्टी, म्हणजे लायनर, पात्याच्या बुडाला टेकून ते अडवते) बजेट चायनीज फोल्डर, डी२ स्टील (कडक टूल स्टीलची एक जात), साडेतीन इंची पातं आणि त्यावर काळं, बोटाला खरखरीत लागणारं कोटिंग. दिसायला एकदम कडक. पण पुठ्ठ्याचे खोके फोडून फोडून धारेच्या वरचा काळा रंग पट्टे पट्टे जायला लागला आणि एकदा टोमॅटोच्या फोडीवर काळा टवका दिसला, मग म्हटलं आता सगळंच काढू. उन्हाळ्यात काढलं. लगेच लिहिलं नाही कारण काढल्यावर दुसऱ्या दिवशी सगळेच खूश असतात, खरी गंमत पावसात कळते.

कोटिंग कुठल्या जातीचं आहे ते आधी बघा. पावडर कोट किंवा रंग असेल तर तो जाड असतो, ५० ते १०० मायक्रॉन वगैरे, कडेने टवके उडतात आणि पेंट रिमूव्हरने सुटतो. पीव्हीडी, डीएलसी (व्हॅक्यूममधे चढवलेले अतिपातळ कडक थर) असलं काही असेल तर ते जेमतेम २-४ मायक्रॉन, गुळगुळीत, स्टीलपेक्षाही कडक, त्याला रिमूव्हर ढिम्म काही करत नाही, आणि खरं सांगायचं तर ते काढायचंच कशाला, कापताना ते अडत पण नाही. ब्लॅक ऑक्साइड (रसायनाने स्टीलच काळं केलेलं) असेल तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून निघतं, फक्त नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवायचं नाहीतर तिथूनच गंज सुरू. माझं पहिल्यातलं निघालं.

चाकू पूर्ण खोलायचा, टॉर्क्स (चांदणीच्या आकाराचे) बिट लागतात, टी६ आणि टी८. पातं वेगळं न करता रिमूव्हर लावू नका, हँडलच्या प्लास्टिकची वाट लागेल. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो साधा जेलवाला रिमूव्हर, गच्चीवर, रबरी हातमोजे घालून, वास डोक्यात जातो. थोड्या वेळाने रंग सुरकुत्या पडून फुगतो, दुधावरची साय सरकावी तसा जुन्या एटीएम कार्डाने सरकतो. एवढं सोपं काम बघून खूश झालो आणि खालचं पातं बघून तोंड उतरलं. रंग धरावा म्हणून कंपनी पातं ब्लास्ट करून (वाळूसारख्या कणांचा मारा करून) खडबडीत करते आणि ग्राइंडिंगचे ओरखडे पण तसेच सोडते, कोण बघतंय रंगाखाली. असं खडबडीत पातं तसंच वापरलं तर पाणी धरून ठेवतं आणि पटकन गंजतं, त्यामुळे घासणं आलंच. धारेवर मास्किंग टेप, सपाट लाकडाच्या तुकड्यावर वॉटर पेपर गुंडाळून २२० पासून ४००, ६००, १००० असं, पाणी मारत, एकाच दिशेने. डी२ मधे क्रोमियमचे कार्बाइड (खूप कडक बारीक कण) खच्चून भरलेले असल्यामुळे ते लवकर दाद देत नाही. अर्धा दिवस गेला, खांदे भरून आले. बेंच ग्राइंडरचा मोह झाला होता पण पातळ धार क्षणात तापते आणि हीट ट्रीटमेंट (तापवून स्टीलला आणलेला कडकपणा) गेली की चाकू गेला.

एक जागा मात्र सोडायची. पात्याचं बूड, जिथे लायनर येऊन टेकतो आणि पिवटच्या (पातं ज्या स्क्रूवर फिरतं त्याच्या) भोवती जिथे वॉशर फिरतात, तिथे पेपर लावायचा नाही. तिथलं थोडंसं मटेरियल गेलं तरी लॉक सरकतो किंवा पातं डुलायला लागतं. माझ्या चाकूत तिथे अजून काळी रिंग आहे, राहू दे.

आता वापर. कापण्यात फरक जाणवतो, आणि बराच. बटाटा, गाजर, सुरण असलं काही कापताना खरखरीत कोटिंग अडायचं, आता पातं सरळ आत जातं. पुठ्ठ्यात पण घर्षण कमी. लोगो गेला, तो रंगावरच होता. वॉरंटी पण गेलीच म्हणायची.

गंजाचं काय? डी२ मधे क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असतं पण त्यातलं बरंच कार्बाइडमधे अडकतं, म्हणून ते धड स्टेनलेस नाही. जुलैमधे सॅकमधे ओल्या कपड्यांसोबत दोन दिवस राहिला तर थंब स्टडच्या (अंगठ्याने पातं उघडायच्या गुंडीच्या) मुळाशी आणि जिथे ब्लास्टिंगचे खड्डे उरले होते तिथे बारीक नारिंगी ठिपके. तेल लावून बारीक स्टील वूलने पुसले की जातात. कैरी आणि लिंबाने राखाडी-निळसर डाग पडलेत ते मी तसेच ठेवलेत, तो गंज नाही. खोबरेल तेल लावून बघितलं, थंडीत गोठतं आणि पिवटमधे चिकट होतं, बंद केलं. आता पात्याला मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन आणि पिवटला शिलाई मशीनचं तेल, एक एक थेंब.

तुमचा चाकू घरात, ऑफिसात, पार्सल फोडायला असेल तर काढा बिनधास्त. समुद्राकाठी राहत असाल, मासे साफ करायला वापरत असाल आणि स्टील डी२ किंवा साधं कार्बन असेल तर तो कुरूप रंगच गंज अडवायचं काम करतोय, राहू द्या. खिशाच्या क्लिपला मी हातच लावला नाही, तिचा काळा रंग जीन्सला घासून आपोआप निघतोय, रिमूव्हरचा खर्च वाचला.